वावर असलेलं कॉलेज

१२ जून १९५८, गुरुवार. कारंजा

मॅट्रिकचा निकाल लागला. आमच्या शाळेतून बसलेल्या मुलींमध्ये प्रयाग पहिली. मुली दोनच बसल्या होत्या, हे खरं. पण मुलग्यांतही तिच्या वर एकच आहे, आणि त्यानं त्या परीक्षेचा दोनदा सराव केलेला आहे.

हेडमास्तर वर्तमानपत्र हलवत आले. "ललिताबाई, तुमची पोर पहिल्या वर्गात!"

"माझी कुठली? धनजच्या इंद्रभानची," असं मी तोंडानं म्हटलं. मान मात्र मला न विचारता वर गेली ती दिवसभर खाली आली नाही. शाळेच्या दारातून वाकून जाते मी रोज. आज कपाळावर टेंगूळ आहे.

प्रयाग तीन वर्षं माझ्या बाहेरच्या खोलीत राहून शिकली. मी लग्न केलं नाही. (का, ते विचारणाऱ्यांना मी दर वेळी वेगळं कारण सांगते, गावात सध्या चार प्रचलित आहेत.) त्यामुळे खोली रिकामी होती आणि मुलगी हुशार होती.

निकाल सांगायला घरी आले तर ही परसात. रॉकेलच्या दोन डब्यांत माती भरून दिली होती मी तिला, तुळस लाव म्हणून. बाईसाहेबांनी कापूस लावलाय. एका डब्यात धनजची काळी माती, दुसऱ्यात माझ्या अंगणातली.

"अगं, पास झालीस! पहिला वर्ग!"

ती उठली, पाया पडली, डोळे पुसले आणि परत जाऊन उरलेलं पाणी घातलं. हातातलं काम अर्धं टाकायचं नाही, ही शिस्त माझी.

आता कॉलेज. त्यात विचार करण्यासारखं काही नाही. नागपूरचं बायकांचं कॉलेज, मी शिकले तेच. संस्कृत आणि मराठी. ठरलं.

१३ जून, शुक्रवार

ठरलं म्हणणारी मी कोण? इंद्रभान आज आईला घेऊन आला. इंद्रभान भला माणूस आहे. त्याचे निर्णय त्याची आई घेते एवढंच. तुळसाबाई सत्तरीला टेकल्या असतील. दात गेलेत, जीभ शाबूत.

"बाई, अनसिंगचं स्थळ चालून आलं," इंद्रभान म्हणाला. "चाळीस एकर वावर. हिरीवर इंजिन. पेरनी आटपली का जबाब पाहिजे म्हनतेत."

"आणि कॉलेज?"

"म्या कोठी नाई म्हनून राह्यलो? पन अनसिंगचं घर आमी पाह्यलं. कॉलेज कोनं पाह्यलं?"

"मी पाहिलंय. चार वर्षं तिथे शिकलेय."

"तुमाले तं आता तिकडचं चांगलंच दिसन, बाई," तुळसाबाई म्हणाल्या. "माहेर कोनाले वाईट दिसते? पोरगी द्याची तं घर पाह्याव लागते. मंग थे नवऱ्याचं असो का कॉलेजाचं."

आमच्या भागात मुलगी देण्याआधी मोठी माणसं जाऊन घर पाहून येतात. विहिरीचं पाणी चाखतात, गोठ्यात डोकावतात, वावरातली माती मुठीत घेऊन दाबतात, आणि चौथ्या घरी जाऊन "मानसं कशी हायेत" म्हणून विचारतात. आता हीच पद्धत उच्च शिक्षणाला! हसू आवरत नव्हतं. पण हसले असते तर अनसिंगचं इंजिन सुरू झालं असतं, म्हणून गंभीरपणे म्हटलं, "चला. मी आणि तुम्ही. पाहून येऊ."

पेरणी आटपेपर्यंत ठरलं नाही, तर मुलगी अनसिंगला.

१७ जून, मंगळवार

नागपूर झालं. अंग आंबलंय.

निघताना प्रयाग दारात उभी होती. "बाई, म्या येऊ?"

"तू येऊन काय करशील? उन्हात काळवंडशील फक्त."

"घर पाह्याले पोरीले कोन नेते व?" तुळसाबाई म्हणाल्या. या एका मुद्द्यावर जुनं जग आणि नवं जग यांचं एकमत झालं आणि आम्ही निघालो.

मूर्तिजापूरपर्यंतची छोटी गाडी नेहमीसारखीच: तुळसाबाई मधल्या एका स्टेशनात उतरून तंबाखू घेऊन, भाव करून, परत चढल्या.

कॉलेजात मला गहिवरून आलं. तीच कमान, तोच व्हरांडा. प्रिन्सिपॉलबाई नव्या आहेत. मराठी बोलताना प्रत्येक शब्द चिमट्यानं उचलतात. मी विषयांची चौकशी केली. मग तुळसाबाईंनी पदर सारखा केला आणि विचारलं, "वावर किती हाये तुमाले?"

मी घाईनं म्हटलं, "त्या विचारताहेत, कॉलेजचा परिसर केवढा आहे."

"ओ! तीन इमारती आणि पुढे बॅडमिंटनचं मैदान."

"तिथं काय पेरता?"

"काही... नाही."

"पडीत ठेवलं," तुळसाबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, आणि पुढे सगळा वेळ प्रिन्सिपॉलबाईंकडे अशा कीवेनं पाहत होत्या की त्या बिचारीनं दोनदा आपला पदर तपासला.

परतीच्या गाडीत निकाल लागला. "मानसं बरी हायेत. पन वावर नाई, ढोर नाई. अशा घरी पोरगी कशी द्याची, बाई?"

"मुलगी तिथे ज्ञान घ्यायला जाणार आहे!"

"घेईन ना. पन खाईन काय?"

१९ जून, गुरुवार

प्रयागला नागपूरचं वर्णन सांगितलं. व्हरांडा, ग्रंथालय, संस्कृतचा वर्ग. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाई, तिथं माती तपासाले शिकवतेत का?"

"'तपासायला'," मी दुरुस्त केलं. "आणि नाही. तिथे कालिदास शिकवतात."

"बरं," म्हणाली आणि डब्यांकडे गेली.

या मुलीत काव्य कसं उतरवावं हा माझ्यापुढचा जुना प्रश्न आहे. गेल्या वर्षी 'माझे आवडते फूल' हा निबंध दिला. बाकीच्यांनी गुलाब, मोगरा, कमळ लिहिलं. कमळ इथल्या एकीनंही पाहिलेलं नाही, पण लिहिलं छान. हिनं लिहिलं, कपाशीचं. म्हणे हे फूल पहिल्या दिवशी पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. मी समासात तांबड्या शाईनं शेरा दिला: "कल्पना चांगली. अतिशयोक्ती टाळावी." तिनं शेरा वाचला आणि वही मिटली. समजूतदार आहे.

२१ जून, शनिवार

अकोला. तिथे एका ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह आहे आणि पलीकडच्या गल्लीत कला शाखेचं छोटं कॉलेज.

वसतिगृह सांभाळणाऱ्या सुंदरबाई या विधवा बाई. आम्ही पोचल्याबरोबर त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, मग चहा, मग प्रश्न. माझ्या आयुष्यात या क्रमानं वागणारी संस्था मी प्रथमच पाहिली. तुळसाबाईंनी विहिरीचं पाणी चाखलं, पिठाच्या डब्यात हात घालून पीठ चाळवलं, खोल्यांच्या कड्या ओढून पाहिल्या. मग मला तिथेच बसवून समोरच्या तेल्याकडे गेल्या.

परत आल्या त्या खुलून. "तेली म्हनते, बाई कडक हाये, पन पोरीयच्या ताटात कमी पडू देत नाई. सासू असावी तं अशी."

"आणि कॉलेज?" मी विचारलं. कारण कॉलेज मी पाहून आले होते. दोन खोल्या, एक कपाट. कपाटात ग्रंथालय आणि किल्ली शिपायापाशी. शिपाई लग्नाला गेलेला.

"कॉलेज तुमी पाहा. घर म्या पाह्यलं. झ्याक हाये. येकच खोट, वावर नाई."

घरी आल्यावर प्रयागनं आजीला पाणी दिलं आणि विचारलं, "आजी, सुंदरबाईच्या घरापासून शेतकी कॉलेज किती दूर हाये?"

"मले काय ठाव?"

भूगोल पहिल्यापासून चांगला आहे तिचा.

२३ जून, सोमवार

आज रणधुमाळी. इंद्रभान आला तो चिखलाच्या पायांनीच. धनजला पेरणी सुरू झाली.

"तुमी म्हनता नागपूर, आई म्हनते अकोला. अनसिंगवाले म्हनतेत, आमी कोठी नाई म्हनतो, पन सांगा काई तं."

"नागपूर," मी म्हटलं.

"पडीत जमीन," तुळसाबाई म्हणाल्या.

"अकोल्याच्या त्या कपाटात ही मुलगी गुदमरेल!"

"तुमच्या नागपुरात उपाशी मरन!"

इंद्रभान एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होता. शेवटी उठला. "जाऊ द्या. अनसिंगले हाव म्हनून टाकतो."

मी उठून दारात आडवी उभी राहिले. अशी वेळ माझ्यावर क्वचित येते.

तेव्हा प्रयाग चुलीपाशी होती, तिथूनच बोलली. आवाज न चढवता. "आजी, तुमी दोघी घर पाहून आल्या. पन त्यायनं पोरगी पाह्यली का?"

"म्हंजे?"

"दाखवल्याबिगर कोन पोरगी करून घेते? उद्या म्हनतीन, आमाले अशी नोती पाहिजे. मंग नाव कोनाचं जाईन?"

तुळसाबाईंचा हात गालावर गेला. "खरंच व माय! पोरगी दाखवाची राह्यलीच की."

"अकोल्याले गुरुवारी पोरं पाहून राह्यलेत. शेतकी कॉलेजात. म्या अर्ज देल्ला."

शेतकी! मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. इंद्रभानलाही तसंच वाटलं असावं. तो कानात बोट घालून हलवत होता. तुळसाबाई मात्र अडून बसल्या: दाखवायचीच तर जिथे बोलावलंय तिथे दाखवू, आणि गुरुवारपर्यंत अनसिंगला जबाब नाही.

पद्धत म्हणजे पद्धत. इंद्रभान परत वावरात गेला.

२४ जून, मंगळवार

हेडमास्तरांना जाऊन गाठलं. अर्जावर सही त्यांची! मी त्यांना या वहीत अनेकदा जे म्हटलंय, ते आज थोड्या सौम्य शब्दांत तोंडावर म्हटलं.

ते शांतपणे म्हणाले, "ती अर्ज घेऊन आली. मी विचारलं, शेतकी का? तर सांगू लागली. अर्धा तास बोलली असेल. माझा चहा निवला."

"अर्धा तास? माझ्या घरात तीन वर्षांत ती सलग पाच मिनिटं बोललेली नाही!"

"तुम्ही विचारलं होतं का तिला?"

मी त्या वाक्यात बराच वेळ चूक शोधली. सापडली नाही, म्हणून निघून आले.

२६ जून, गुरुवार. अकोला

सुंदरबाईंच्या वसतिगृहात बसून लिहिते आहे.

सकाळी तुळसाबाईंनी प्रयागला माझी निळी नऊवारी नेसवली. "दाखवाची हाये, जरा चांगली दिसू दे," म्हणाल्या, आणि कानामागे काजळाचं बोट लावलं. बाहेर व्हरांड्यात चाळीसेक मुलगे ताटकळत होते. आम्ही तिघी येताच त्यांनी बाकावरची जागा सोडली आणि भिंतीला चिकटून उभे राहिले.

मुलाखत घेणारे तिघे. सोबतची माणसं बाहेर थांबा, असं शिपायानं सांगितलं. तुळसाबाई म्हणाल्या, "पोरगी दाखवतानी आजी बाहीर? कोनत्या गावची रीत?" आणि आत जाऊन बसल्या. मग मीही बसले. शिपाई थकला होता.

मधले प्रोफेसर पोक्त होते. "मुली, शेतकीच का? घरी शेती आहे म्हणून?"

"घरी सारेच शेती करतेत, सर. पन अशीच काहून करता, हे इचारलं का म्हनतेत, आमच्या बापानं केली. बापाले इचारा तं त्याच्या बापानं. मले 'काहून' पाहिजे."

मी कपाळाला हात लावला, 'का' म्हण ना, 'का'! पण प्रोफेसर पुढे झुकले होते.

दुसरे म्हणाले, "वर्गात तू एकटीच मुलगी असशील. ठाऊक आहे?"

"हजेरी घ्याले सोपं जाईन, सर."

तिघेही हसले. ते उत्तर माझं होतं. म्हणजे तिचंच, पण ती धार माझ्या घरात लागलेली आहे, हे मी कोर्टात सांगेन.

"मुलींच्या राहण्याची इथे सोय नाही."

इथे तुळसाबाई उभ्या राहिल्या. "ते घर म्या पाह्यलं. सुंदरबाईचं. पानी गोड हाये."

"आता तुला काही विचारायचंय?" पोक्त प्रोफेसरांनी प्रयागला विचारलं.

"हाव. वावर पाह्याचं हाये."

ते स्वतः उठले. मागच्या बाजूला गेलो आणि तुळसाबाई थबकल्या. समोर काळीभोर, नांगरून ठेवलेली जमीन. त्या खाली वाकल्या, माती उचलली, मुठीत दाबली, सोडली.

"कोठवर हाये?"

"त्या निंबाच्या ओळीपर्यंत."

"अन पलीकडं?"

"तेही आमचंच."

तुळसाबाई डोळ्यांवर हात धरून निंबाची झाडं मोजू लागल्या. प्रयाग तोवर चपला काढून नांगराच्या तासाच्या कडेनं पार पुढे गेली होती, माझी निळी नऊवारी पोटरीपर्यंत खोचून. एका तरुण मास्तराला काही विचारत होती आणि तो हातवारे करून सांगत होता. त्या दोघांतलं एक अक्षर मला कळलं नसतं. पण माझ्या व्हरांड्यात, माझ्या ग्रंथालयात, कालिदासापुढे मी तिला उभी करून पाहत होते ना इतके दिवस, ती चित्रातली मुलगी अशी कधी चालत नव्हती.

शिपायानं बाहेर येऊन सांगितलं: घेतली.

२८ जून, शनिवार. धनज

इंद्रभानला सांगायला आम्ही तिघी धनजला आलो. तो बांधावर बसून ऐकत होता.

"शेतीच कराची होती तं मॅट्रिक कायले केली? निंदाले घरी वावर हाये!"

(हेच वाक्य चार दिवसांपूर्वी माझ्या जिभेवर होतं. जरा बऱ्या मराठीत.)

तुळसाबाईंनी पदराची गाठ सोडली. आत अकोल्याची माती. लेकाच्या तळहातावर ठेवली. "पाह्य."

त्यानं बोटांनी चुरली.

"अनसिंगवाल्याचं वावर चाळीस एकर. याचं निंबाच्या पलीकडंबी याचंच. अन हे घर सोताहून पोरगी मांगून राह्यलं, हुंडा नाई मांगून राह्यलं."

"आई, थे कॉलेज हाये. नवरा नोहे."

"म्हनूनच चांगलं!"

इंद्रभान हसू दाबायला गेला, जमलं नाही. मग लेकीकडे वळला. "तुले काय पाहिजे व?"

प्रयागनं आधी माझ्याकडे पाहिलं. कदाचित सवयीनं. मी झटकन पाठ फिरवून बैलांकडे पाहू लागले. बैलांत मला काहीही कळत नाही.

"मले थेच पाहिजे, बाबा."

"मंग अनसिंगले सांगतो, पोरगी देल्ली म्हनून."

१० जुलै, गुरुवार

काल प्रयागला अकोल्याला पोचवून आले. इथे मुलगी सासरी जाते तेव्हा पाठराखीण म्हणून एक बाई सोबत जाते, चार दिवस राहते आणि परत येते. तुळसाबाई म्हणाल्या, ते तुमीच करा. सुंदरबाईंनी चार दिवस राहू दिलं आणि पाचव्या दिवशी प्रेमानं स्टेशनवर आणून सोडलं.

निघताना प्रयाग म्हणाली, "बाई, डब्यायले पानी घालजा. पन लय नोको. दोन्हीले सारखं."

"आणि काय?"

"अन काय फरक पडते थो पाहून ठेवजा."

बाहेरची खोली झाडून घेतली. झाडायला काही नव्हतंच.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शाळेच्या वार्षिक अहवालात हेडमास्तरांनी लिहिलं होतं: "ललिताबाईंच्या मार्गदर्शनाने आमची विद्यार्थिनी शेतकी महाविद्यालयात." मला वाचायला दिलं. वाक्य सुरेख होतं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदाही. मग खोडलं.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"लिहा, तिचं तिनं निवडलं. आमच्या शाळेची आहे."

"बस? तुमचं नाव नको?"

"'आमच्या'त आहे ते."

२५ ऑगस्ट, सोमवार

काळ्या मातीचा डबा आधी फुलला. काल सकाळी परसात गेले तर एक पिवळं फूल, मध्ये जांभळा डाग. माझ्या अंगणाच्या मातीतलं झाड अजून विचार करतंय, स्वभाव घराचाच.

आज सकाळी पाणी घालायला गेले तर तेच फूल गुलाबी.

मी खाली बसून पाहिलं. वरून पाहिलं. कोणी येऊन बदललं का, म्हणून शेजारी विचारलं. मग हेडमास्तरांना हाक मारून आणलं. ते म्हणाले, "यात काय? कपाशीचं फूल दुसऱ्या दिवशी असंच होतं. सगळ्या मुलखाला ठाऊक आहे."

सगळ्या मुलखाला. कापसाच्या या गावात मी एकोणीस वर्षं निबंध तपासते आहे.

आज मॅट्रिकच्या वर्गात चार मुली आहेत. पुस्तक उघडलं नाही. विचारलं, "तुम्हाला पुढे काय करायचंय?" कोणी बोलेना, एकमेकींकडे बघून हसू लागल्या. मी खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं की मला घाई नाही. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या धनी नावाच्या मुलीनं हात वर केला. बोलू लागली ती घंटा झाली तरी बोलतच होती. मी एकही शब्द दुरुस्त केला नाही. दुपारभर जीभ दुखत होती.

तुळसाबाईंचा धनजहून निरोप आहे: पुढच्या जूनात घरं पाह्याले जाल तं मले नेजा. पोरीयलेबी घ्या सोबत.

प्रयागला आत्ताच पत्र टाकलं. तिला निबंधात मिळाले होते दहापैकी पाच. आता दहापैकी दहा. फुलाची तारीख दोन्ही दिवसांची लिहिली, रंगासकट. अतिशयोक्ती टाळली आहे.